उत्तम ब्राउझर, पण कोणासाठी?

मे-जूनमध्ये निकाल लागले की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथल्या ऑनलाइन सेंटरांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाला नॉन-क्रीमी लेयर, कोणाला सीईटीचा कॅप राउंड भरायचा असतो. त्याच गर्दीत एखादे काका पीककर्जासाठी सातबारा काढायला आलेले असतात. काउंटरमागच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर क्रोम, एज आणि फायरफॉक्स असे तिन्ही आयकॉन असतात. पान नुसतंच गोल गोल फिरत राहिलं की काका विचारतात, “काऊन भाऊ, उघडून नाही राह्यलं का?” मुलगा मान वर न करता म्हणतो, “थांबा काका, एजमध्ये टाकून पाहतो.”

ब्राउझरांची तुलना कर म्हणून त्या मुलाला कोणी सांगितलेलं नसतं. पण कोणतं पोर्टल कशात अडतं, पॉप-अप कुठे सोडावा लागतो, कशातून प्रिंट काढली की शेवटचा रकाना कापला जातो, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. “सगळ्यात चांगला ब्राउझर कोणता?” असं विचारलंत तर तो उलट तुम्हालाच विचारेल, “काम काय आहे?” त्याचा हा उलटप्रश्नच या प्रकरणाचा विषय आहे. ब्राउझर निवडताना आपण नावापासून सुरुवात करतो. सुरुवात अटींपासून करायला हवी.

अटी आधी, यंत्र नंतर

अटी आधी लिहिण्याचा एक नामी धडा खादीच्या इतिहासात आहे. गांधीजींच्या पुढाकाराने चालणाऱ्या अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख! पण जाहिरातीत ‘उत्तम चरखा’ एवढंच लिहून संघ थांबला नाही. चरखा वजनाला हलका हवा, खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यायला हवा, बाईमाणसाने आठ तास चालवला तरी फार दमछाक होता कामा नये, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघायला हवं, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये आणि तो वीस वर्षं टिकायला हवा, अशा त्या अटी होत्या. किर्लोस्करवाडीतही त्यासाठी यंत्र तयार झालं. बक्षीस मात्र शेवटपर्यंत कोणालाच मिळालं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३८ साली सुरू झालेल्या मगन संग्रहालयात चरख्यांचे नाना प्रकार आजही पाहायला मिळतात. त्यांच्यासमोर उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. अटी ठरवताना कारखाना डोळ्यांपुढे नव्हता, कातणाऱ्या बाईचं घर डोळ्यांपुढे होतं. यंत्र कितीही वेगवान असलं आणि त्या घरात मावलं नाही, की ते नापास.

ब्राउझरलाही हीच रीत लावू या. माझा फोन किंवा कॉम्प्युटर किती जुना आहे? त्यात रॅम किती? मला रोज कोणती पोर्टलं उघडावी लागतात? मराठी नीट दिसते का? हा ब्राउझर बनवणारे त्यातली भोकं वेळेवर बुजवतात का? आणि मी काय वाचतो, काय शोधतो याची नोंद कोणाच्या वहीत जाते? या प्रश्नांची उत्तरं वर्ध्याच्या मेडिकलच्या विद्यार्थिनीसाठी वेगळी असतील, समुद्रपूरच्या शेतकऱ्यासाठी वेगळी आणि हिंगणघाटच्या कापसाच्या व्यापाऱ्यासाठी वेगळी.

नावं पन्नास, इंजिनं तीन

ब्राउझर म्हणजे पान मागवणारा आणि मागवलेलं पान मांडून दाखवणारा प्रोग्राम. तुम्ही पत्ता टाकता, तो त्या पत्त्यावरच्या सर्व्हरला गाठतो, तिथून मजकूर, चित्रं, सजावटीच्या सूचना आणि पानाला हलतं-बोलतं करणारा जावास्क्रिप्टचा कोड घेऊन येतो आणि या सगळ्यातून पडद्यावर पान उभं करतो. हे उभं करण्याचं काम ज्या भागात चालतं त्याला इंजिन म्हणतात. बाकी बटणं, रंग, बुकमार्क, टॅब हा सगळा वरचा साज.

बाजारात ब्राउझरांची नावं ढीगभर असली, तरी आज चलनात असलेली मोठी इंजिनं तीनच आहेत. गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट, हे सगळे ब्लिंकवर चालतात. सफारी वेबकिटवर, तर फायरफॉक्स गेकोवर. आयफोनवर तर युरोपासारखे काही अपवाद सोडले तर क्रोम आणि फायरफॉक्सलाही आतून ॲपलचंच वेबकिट वापरावं लागतं, त्यामुळे तिथे ‘कोणता जास्त वेगवान’ हा वाद बराचसा पोकळ आहे.

या तिघांपैकी दोघं एकाच घरातली. केडीई नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या मंडळींनी केएचटीएमएल हे इंजिन लिहिलं. ॲपलने ते उचलून त्याचं वेबकिट केलं आणि २००३ साली सफारी आणला. गूगलने २००८ साली क्रोम काढला तो याच वेबकिटवर. एप्रिल २०१३ मध्ये गूगलने वेगळी चूल मांडली, तिचं नाव ब्लिंक. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचं इंजिन बंद करून गूगलची वाट धरली. मायक्रोसॉफ्टने थोडी झुंज दिली, पण जानेवारी २०२० पासून एजही ब्लिंकवर आला.

या घराण्याचा व्यवहारात उपयोग काय? एखादं पोर्टल क्रोममध्ये इंजिनाच्या पातळीवर अडलं, तर ब्रेव्हमध्येही ते अडण्याचीच शक्यता जास्त. खरोखर वेगळा प्रयत्न करायचा असेल तर फायरफॉक्स उघडावा. सेंटरवरचा मुलगा क्रोमवरून एजवर गेला आणि पान उघडलं, तर त्यामागे बहुधा इंजिनाचा प्रताप नसतो. क्रोममध्ये साचलेल्या जुन्या कुकीज नाहीतर एखादं आडवं आलेलं एक्स्टेन्शन, असं काहीतरी असतं, आणि ते कोऱ्या एजमध्ये नसतं. त्याच क्रोममध्ये इनकॉग्निटो खिडकी उघडली असती तरी काम झालं असतं.

मराठी पान दिसू लागलं ती गोष्ट

आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण मराठी वाचकाला एकेकाळी ब्राउझर निवडण्याची मुभाच नव्हती. दोन हजार सालाच्या आसपास मराठी वर्तमानपत्रं नेटवर आली तेव्हा युनिकोड रुळलेलं नव्हतं. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, आणि त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. फॉन्ट पानासोबत आपोआप उतरावा म्हणून ‘डायनॅमिक फॉन्ट’ची सोय असायची, आणि ती धड चालायची ती मुख्यतः इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि कंसांचा कचरा. फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली. तिच्यासाठी पुढे ‘पद्मा’ नावाचं एक्स्टेन्शन निघालं, जे हा कचरा चालता चालता युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. ज्यांनी ते वापरलं त्यांना तो आनंद आठवत असेल.

युनिकोड आल्यावरही विंडोज एक्सपीवर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकोनात टिक करावी लागायची, आणि त्यासाठी विंडोजची सीडी मागितली जायची. ती केली नाही तर वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसायच्या आणि जोडाक्षरं सुटी पडायची.

मोबाइलवर तर आणखी गंमत. अनेक साध्या फोनांच्या ब्राउझरमध्ये देवनागरी उमटायचीच नाही, दिसायचे ते रिकामे चौकोन. त्यावर उतारा होता ऑपेरा मिनी. २००५-०६ साली आलेल्या या नॉर्वेच्या ब्राउझरची तऱ्हा अशी की पान तुमच्या फोनवर मांडलंच जात नसे. कंपनीचा सर्व्हर ते आधी स्वतः उघडायचा, दाबून बारीक करायचा आणि मग फोनला पाठवायचा. पत्त्याच्या पट्टीत ‘ऑपेरा कॉन्फिग’ टाइप केलं की सेटिंगची एक लांबलचक यादी यायची. तिच्यातल्या ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट’ या ओळीपुढे ‘येस’ केलं की चौकोन जाऊन मराठी उमटायची. म्हणजे फोनला अक्षरं येतच नव्हती, तिकडचा सर्व्हर अक्षरांची चित्रं काढून पाठवत होता. ही युक्ती कॉलेजच्या पोरांमध्ये या फोनवरून त्या फोनवर पसरली.

त्यानंतर स्वस्त अँड्रॉइड फोनांवर यूसी ब्राउझरने भारतभर ठाण मांडलं. टू-जीवर पान लवकर उघडायचं, डाउनलोड अर्ध्यात तुटलं तरी तिथूनच पुढे सुरू व्हायचं. लोकांना आणखी काय हवं होतं? पण टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने २०१५ साली दाखवून दिलं की हा ब्राउझर वापरणाऱ्याचा ठावठिकाणा, फोनची ओळख आणि शोधलेले शब्द नीट कुलूपबंद न करताच पाठवत होता. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यांत यूसी ब्राउझरही गेला. तोवर २०१६ साली आलेल्या जिओमुळे डेटा स्वस्त झाला होता आणि पान दाबून देणाऱ्या ब्राउझरची गरजच ओसरली होती. अट बदलली तसा उत्तम ब्राउझरही बदलला.

आता मराठीची परीक्षा कशी घ्यावी? सोपं आहे. पत्त्याच्या पट्टीत आणि एखाद्या ऑनलाइन अर्जाच्या रकान्यात ‘वऱ्हाड’, ‘दऱ्याखोऱ्या’, ‘श्रीकृष्ण’, ‘उद्ध्वस्त’ असे शब्द टाइप करून बघा. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’मधला अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा दिसायला हवा, रफार होऊन डोक्यावर चढता कामा नये. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिघांच्या अद्ययावत आवृत्त्या यात पास होतात. तिघांचे मेनूही मराठीत करून घेता येतात. तेव्हा मराठी दिसण्यावरून निवड करण्याचे दिवस सरले. सरकारी दाखल्याच्या पानावर अजूनही अक्षरं फाटलेली दिसली, तर दोष बहुतेक पानाच्या फॉन्टचा असतो, ब्राउझरचा नसतो.

वेगाची परीक्षा, रॅमची भूक

‘आमचा ब्राउझर सगळ्यात वेगवान’ असं प्रत्येक कंपनी म्हणते. ते मोजायचं कसं? त्यासाठी ठरावीक कामं करून घेऊन गुण देणाऱ्या चाचण्या असतात. गूगलची ‘ऑक्टेन’ नावाची चाचणी बरीच गाजली, पण २०१७ साली गूगलनेच ती बंद केली. ब्राउझर बनवणारे खऱ्या पानांसाठी झटण्याऐवजी ऑक्टेनचे गुण वाढवायच्या मागे लागले होते. गाइड पाठ करून पेपर सोडवण्याचाच हा प्रकार. मार्च २०२४ मध्ये ‘स्पीडोमीटर ३’ आली, आणि ती ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या चौघांनी मिळून तयार केली, हे विशेष. ही चाचणी तुम्ही घरबसल्या स्वतःच्या यंत्रावर चालवू शकता. चालवाच, पण आकड्यांतल्या थोड्या फरकाने हुरळून जाऊ नका. देवळीच्या एखाद्या घरात पान उशिरा उघडतं ते बहुधा नेटवर्कच्या दांड्यांमुळे नाहीतर पोर्टलच्या सर्व्हरवर आलेल्या गर्दीमुळे. शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता अर्ज भरायला बसलात तर जगातला कोणताही ब्राउझर तुमच्या मदतीला येणार नाही.

चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर खरा फरक पडतो तो मेमरीचा. क्रोम रॅम खातो अशी तक्रार सर्रास ऐकू येते. त्यामागे कारण आहे. क्रोमने पहिल्यापासून वेगवेगळ्या टॅबना वेगवेगळ्या प्रक्रियांत बसवलं, म्हणजे एक पान कोसळलं तरी बाकीची तगतात. २०१८ साली प्रोसेसरांमधले ‘स्पेक्टर’सारखे दोष उघडकीला आल्यावर एका साइटला दुसऱ्या साइटच्या मेमरीत डोकावता येऊ नये म्हणून ही भिंत आणखी पक्की केली गेली. फायरफॉक्सही पुढे त्याच वाटेने गेला. म्हणजे जास्तीची रॅम खर्च होते ती बऱ्याच अंशी तुमच्या सुरक्षेपायी. त्यावरचा तोडगा म्हणजे न वापरलेले टॅब झोपवणं. एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’, क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ नावाने ही सोय आहे. ती चालू आहे का तेवढं पाहा.

जुन्या यंत्रांचं गणित वेगळं. शाळेत, ग्रामपंचायतीत, छोट्या दुकानात विंडोज ७ वर चालणारे कॉम्प्युटर अजून भेटतात. क्रोम आणि एज यांनी त्या विंडोजची साथ २०२३ च्या सुरुवातीला १०९ व्या आवृत्तीवर सोडली. फायरफॉक्सने आपल्या ११५ व्या आवृत्तीला त्यानंतरही बराच काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं चालू ठेवलं. तेव्हा अशा यंत्रावर तिघांपैकी फायरफॉक्सच उजवा ठरला. अर्थात खुद्द विंडोजच उघडी पडलेली असताना त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे खरं उत्तर.

सरकारी पोर्टलांचा हिसका

ब्राउझरांच्या तुलनेत परदेशी लेखक जे कधी लिहीत नाहीत ते आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं. जीएसटी पोर्टलच्या तळाशी अनेक वर्षं एक ओळ असायची. अमुक रिझोल्यूशनवर, इंटरनेट एक्स्प्लोरर १० च्या पुढे, क्रोम ४९ च्या पुढे, फायरफॉक्स ४५ च्या पुढे ही साइट उत्तम दिसते. ही ओळ वाचणारा विरळा, पण अडल्यावर पहिल्यांदा तीच वाचावी. पोर्टल कशावर तपासलं गेलं याची ती कबुलीच असते.

डिजिटल सहीचं प्रकरण याहून अवघड. ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराला यूएसबी टोकनमधली सही पोर्टलपर्यंत पोचवायची असते. पूर्वी हे काम ब्राउझरमधल्या जावा प्लग-इनमधून व्हायचं. सुरक्षेच्या कारणाने क्रोमने अशा प्लग-इनांचा दरवाजा २०१५ साली बंद केला, फायरफॉक्सने २०१७ साली. त्यानंतर काही काळ इंटरनेट एक्स्प्लोरर हाच एक आसरा उरला, आणि म्हणूनच ज्याला बाकी जग हसत होतं तो ब्राउझर आपल्या कचेऱ्यांत टिकून राहिला. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने तो निवृत्त केला. जुन्या पोर्टलांसाठी एजमध्ये ‘आयई मोड’ ठेवला आहे. आता सहीसाठी बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरवर एक छोटा वेगळा प्रोग्राम बसवतात, तो ब्राउझरशी बोलतो. त्यामुळे सही चालत नसेल तर ब्राउझर बदलण्याआधी तो प्रोग्राम चालू आहे का ते बघावं.

तिसरी गोष्ट पीडीएफची. ई-आधार डाउनलोड करून ब्राउझरमध्येच उघडलं की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ असे शब्द दिसतात. माणूस घाबरतो, कागद खोटा निघाला की काय! कागद खरा असतो. क्रोम, एज किंवा फायरफॉक्समधली पीडीएफ दाखवण्याची सोय फक्त पान दाखवते, अशी सही तपासून शिक्कामोर्तब करण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. हीच फाइल ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून, सही करणाऱ्या यंत्रणेच्या प्रमाणपत्रावर एकदा विश्वास नोंदवला की हिरवी खूण येते. म्हणजे सही तपासायची तर कोणताच ब्राउझर पुरेसा नाही.

आणि सातबारा? महाभूलेख पोर्टलवर जिल्हा वर्धा, मग तालुका आणि गाव निवडत गेलं की उतारा फुकट पाहता येतो. कायदेशीर कामासाठी लागणारा डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. अशा पोर्टलांवर उतारा किंवा पावती नव्या खिडकीत उघडत असेल तर ब्राउझर ती जाहिरात समजून अडवतो. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला अडवल्याची बारीक खूण येते. तिच्यावर टिचकी मारून त्या एका साइटला परवानगी द्यावी. सगळ्यांना सरसकट नको.

इथेच पत्ता वाचायचीही सवय लावून घ्यावी. ‘एचटीटीपीएस’च्या दोन तिरप्या रेघा सोडून येणाऱ्या पहिल्या रेघेच्या आधीचा शेवटचा भाग ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तर ती साइट सरकारी असल्याची ती पक्की खूण. दुसऱ्या कोणत्याही पत्त्यात कोणी ‘महाभूमी’, ‘सातबारा’, ‘सरकार’ असे कितीही शब्द जोडू शकतो. कुलपाच्या चित्रावर तर मुळीच विसंबू नये. कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कोणी ऐकत नाही. पलीकडे भामटा बसला आहे की तहसीलदार, ते सांगत नाही. लोकांचा हा गैरसमज काही केल्या जाईना, म्हणून क्रोमने सप्टेंबर २०२३ पासून कुलपाचं चित्रच काढून टाकलं.

फुकटाचे पैसे कोण देतं?

ब्राउझर बनवायला इंजिनिअरांची फौज लागते आणि आपल्याला तो फुकट मिळतो. मग पैसे येतात कुठून? मुख्यतः शोधाच्या खिडकीतून. अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांनुसार सफारीमध्ये आपलं सर्च इंजिन आधीपासून बसवलेलं असावं म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे वीस अब्ज डॉलर दिले. फायरफॉक्सच्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्नही गूगलकडूनच येतं. म्हणजे गूगलला पर्याय म्हणून आपण ज्याच्याकडे जातो त्याचीही चूल गूगलच्याच पैशावर पेटते. ब्रेव्ह स्वतःच्या जाहिरातींवर पैसे मिळवतो. २०२० साली तो पत्ता पूर्ण करताना गुपचूप आपला कमिशनचा कोड जोडत असल्याचं उघडकीला आलं आणि त्याला ते बंद करावं लागलं.

ज्याचं पोट जाहिरातीवर, त्याचा हात पाळतीला अडवताना आखडतो. एका साइटवर ट्रॅक्टरच्या टायरचे भाव पाहिले की दिवसभर टायरच पाठलाग करतात, ते ‘थर्ड पार्टी कुकीज’मुळे. सफारीने त्या २०२० साली पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात कोंडल्या. क्रोमने त्या घालवण्याची घोषणा २०२० साली केली, तारखा पुढे ढकलल्या आणि शेवटी बेतच सोडून दिला. जाहिराती अडवणाऱ्या ‘यूब्लॉक ओरिजिन’ या लोकप्रिय एक्स्टेन्शनची मूळ आवृत्तीही क्रोमच्या नव्या नियमांत बसली नाही. फायरफॉक्समध्ये ती चालते, अँड्रॉइड फोनवरसुद्धा. जाहिरातींच्या गदारोळात बातमी शोधणाऱ्याला आणि डेटा जपून वापरणाऱ्याला ही एक गोष्ट फायरफॉक्सकडे वळायला पुरेशी आहे.

इनकॉग्निटोबद्दल मात्र भ्रम नको. ती खिडकी बंद केली की त्या कॉम्प्युटरवरचा इतिहास पुसला जातो, एवढंच. साइटला, कंपनीला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला तुम्ही दिसताच. याच मुद्द्यावर अमेरिकेत खटला भरला गेला आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलने साठवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं. तरी सेंटरवरच्या सार्वजनिक कॉम्प्युटरवर इनकॉग्निटोच वापरावी, कारण तिथे धोका गूगलचा नसतो, तुमच्यानंतर त्या खुर्चीत बसणाऱ्याचा असतो.

देशी ब्राउझरचाही प्रयत्न झाला आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली, एकूण बक्षीस ३ कोटी ४१ लाख. मार्च २०२५ मध्ये झोहो या भारतीय कंपनीच्या ‘उला’ला पहिलं, एक कोटीचं बक्षीस मिळालं. स्पर्धेतली एक अट मोलाची होती. भारत सरकारच्या मूळ प्रमाणपत्रावर ब्राउझरने विश्वास ठेवायला हवा. कोणती साइट खरी हे कोणाच्या शब्दावर मानायचं, ते आज परदेशी कंपन्यांच्या याद्या ठरवतात. अर्थात २०१४ साली एनआयसी या सरकारी संस्थेच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं बाहेर पडली होती, तेव्हा हा विश्वास नुसत्या देशी शिक्क्याने मिळत नाही. आणि उलाचं इंजिनही ब्लिंकच आहे. साज देशी, इंजिन गूगलचं.

कोणी काय घ्यावं

आता अटी हातात आहेत, तर निवड अवघड नाही. नियम एकच. ब्राउझर दोन ठेवावेत आणि त्यांची कामं वाटून द्यावीत.

पहिला ‘कामाचा’. बँक, जीएसटी, महाडीबीटी, सीईटी, दाखले यांच्यासाठी. इथे क्रोम किंवा एज. पोर्टल बनवणारे तपासतात ते त्यावरच. यात एक्स्टेन्शन एकही नको, नोटिफिकेशनची परवानगी कोणालाही नको. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ असे जे संदेश येतात ते बहुतेकदा कधीतरी दाबलेल्या ‘अलाउ’मुळेच. हिंगणघाटच्या व्यापाऱ्याने आणि ई-निविदा भरणाऱ्याने एजच घ्यावा, कारण जुनं पोर्टल अडलं तर आयई मोड हाताशी आहे.

दुसरा ‘वाचनाचा’. बातम्या, रेसिपी, बाजारभाव, शोधाशोध, सगळी भटकंती यात. इथे फायरफॉक्स, सोबत यूब्लॉक ओरिजिन. ज्याला वेगळं एक्स्टेन्शन बसवायचा कंटाळा आहे त्याने ब्रेव्ह घ्यावा, जाहिराती तो आल्या दिवसापासून अडवतो. आयफोनवाल्याला सफारी पुरेसा आहे. समुद्रपूरच्या शेतकऱ्याकडे दोन-तीन जीबी रॅमचा फोन असेल तर दोन ब्राउझरांचा भार नको. फोनमधला क्रोमच ठेवावा, नोटिफिकेशन बंद करावी आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून पैसे कधीच भरू नयेत. पत्ता स्वतः टाइप करावा.

हे वाचून पटलं नसेल तर स्वतः परीक्षा घ्या. तुम्ही रोज उघडता अशी पाच पानं निवडा, त्यांत एक सरकारी, एक बँकेचं, एक मराठी बातम्यांचं असू द्या. तीच पाच पानं दोन ब्राउझरांत, त्याच नेटवर, एकामागून एक उघडा, अर्ज भरून बघा, प्रिंट काढून बघा. तुमच्या घरातला निकाल कोणत्याही मासिकातल्या तक्त्यापेक्षा खरा असेल.

मग जो ठरेल त्याच्या मेनूत जाऊन ‘मदत’ आणि त्याखाली ब्राउझरविषयीची माहिती उघडा. तिथे आवृत्ती अद्ययावत असल्याचं दिसलं पाहिजे. अपडेट अडकलेला असेल तर तो आधी करून घ्या, आणि अपडेट येणंच थांबलं असेल तर तो ब्राउझर आजच काढून टाका. कोणासाठी कोणता चांगला यावर मतं वेगळी होऊ शकतात. ज्याची दुरुस्ती बंद झाली आहे असा ब्राउझर मात्र कोणाच्याच उपयोगाचा नाही.